पुलातली रात्र

तीनशे बावीस टर्क्या,
मक्याची एक गाडी, दोन कुत्री,
ॲसाहेल पिंगरी, त्याची बायको थँकफुल,
आणि मी, ऑरिन. वय अकरा. पगार, एक जोडी बूट.
व्हरमाँटच्या डोंगरातून बॉस्टनच्या बाजारापर्यंत
पायी.

माझे बूट शेवटी मिळणार होते.
टर्क्यांना त्यांचे निघण्याआधीच मिळाले:
पाय कोमट डांबरात, मग वाळूत,
मग गवतावर उभं करून वाळवायचे.
थँकफुल एकेकीला काखेत धरायची,
मी पाय बुचकळायचो.
अख्ख्या गावाने पाहिलं. कुणी हसलं नाही.
नोव्हेंबरचा रस्ता सगळ्यांनाच ठाऊक होता.

पिंगरी तसा अबोल,
पण टर्कीचा विषय निघाला की तोंडाचं कुलूप गळून पडे.
गळा काढून ओरडतो तो नर, म्हणायचा,
माद्या पुटपुटतात, आणि कळप चालतो तो पुटपुटण्यावर.
लेंडी बघ, गळाच्या आकड्यासारखी, म्हणजे नर;
गोगलगायीसारखी गुंडाळलेली, म्हणजे मादी.
आणि नराचं डोकं बघ,
मिनिटाभरात लाल, निळं, पांढरं.
मनातलं लपवता येत नाही बिचाऱ्याला.
म्हणून तो पत्ते खेळत नाही.

थँकफुल म्हणाली, तुम्हीही खेळू नका.

ढग गडगडला की ते ढगाला उत्तर देत.
दार आपटलं की दाराला.
थँकफुल शिंकली की तिलाही, तीनशेंच्या वतीने.

पण ऊन उतरलं की संपलं.
मग मालक कोण, बाजार कधी, भाव काय,
टर्की काही ऐकत नाही.
जे उंच दिसेल त्यावर चढते आणि झोपते.
एका रात्री शाळेच्या छपरावर चढल्या सगळ्या.
रात्रभर आढं कण्हत होतं.
सकाळी मास्तरांनी पिंगरीकडून
सतरा फळ्यांचे पैसे घेतले, आणि वर एक टर्की.

नवव्या दिवशी नदी आली.
पूल लाकडी, वर छप्पर, दोन्ही बाजूंनी भिंती,
आत काळोख.
दुपारचे दोन वाजले होते.
पहिली टर्की आत गेली, थबकली,
मान वाकडी करून वर पाहिलं,
आणि बसली.
मागच्याही बसल्या.
कुत्री भुंकली. पिंगरीने मका उधळला, टोपी उधळली,
मग देवाचं नाव अशा सुरात घेतलं
की थँकफुलने माझे कान झाकले.
टर्क्यांची रात्र झाली होती. झाली म्हणजे झाली.

शेवटी उचलून नेल्या.
एकेक, पोटाशी धरून, पुलाच्या पलीकडे.
ऊन लागलं की प्रत्येक जण डोळे मिचकावायची,
जणू आठ तास गाढ झोपली होती,
आणि चालू लागायची.
माझे हात तीन दिवस वर होईनात.

बॉस्टनच्या धक्क्यावर एक म्हातारा खलाशी
आमचा कळप बघून खो खो हसला.
तुम्ही हिला तुर्की म्हणता?
मी तुर्कांच्या बंदरात राहिलोय. ते हिला हिंदी म्हणतात.
फ्रेंच म्हणतात हिंदुस्थानची कोंबडी,
पोर्तुगीज म्हणतात पेरू,
मलायात म्हणतात डचांची कोंबडी.
जो तो बोट दाखवतो, ती तिकडची.

मी म्हणालो, पण ही तर इथलीच आहे.
आमच्या रानातली.
तो म्हणाला, तेच तर. इथल्या माणसाला कुणी विचारलंच नाही.

दोनशे नव्वद विकल्या. बाकीच्यांचा हिशेब
कोल्ह्यांकडे, वाटेवरच्या घरांकडे, आणि त्या मास्तरांकडे.

परतताना गाडी रिकामी, पायात नवे बूट,
टाचेला चावणारे.
पूल आला. आत शिरलो.
फळ्यांवर वाळूचे, डांबराचे ठसे, शेकडो,
सगळे एकाच दिशेचे.
मी थबकलो.
पिंगरी पुढे निघून गेला होता.
थँकफुलने मागे वळून पाहिलं
आणि हाक मारली नाही.
लगाम हातात धरून ती उभी राहिली,
मला उजाडेपर्यंत.