पानाचं टोक

उपकेंद्राच्या कुंपणावर वेल चढवली डोमाजीनं,
कुठल्या नर्सरीतून नाही,
मुरपारच्या बांधावरून, मातीसकट, टॉवेलात बांधून.
"मॅडम, शोभा येते," म्हणाला,
आणि आली.
श्रावणात फुलं, उफराटी, वर पेटत गेलेली,
बुडाशी पिवळी, शेंड्याला लाल.
लसीकरणाला आलेल्या बाया
लेकरं कडेवर घेऊन तिथंच फोटो काढत.
मीही काढला. डीपीला ठेवला.

भूपेशनं काय खाल्लं ते कुणालाच कळलं नाही.
उलट्या, जुलाब, रात्री अकराला अॅम्ब्युलन्स.
गडचिरोलीहून सहाव्या दिवशी आला, चालत.
कागदावर लिहिलेलं : अन्नातून विषबाधा.
मी तसंच रजिस्टरात उतरवलं.
बाराव्या दिवशी त्याची आई फणी घेऊन आली.
फणीत केस. पदरात केस.
मक्याच्या कणसाची मिशी ओढावी
तसे हातात येत होते.

डॉक्टरांचा फोन लागला नाही.
रायाबाई कोवे आली, न बोलावता.
ह्या गावातली निम्मी डोकी
तिनंच पहिल्यांदा पाहिलेली.
पोराच्या टाळूवरून हात फिरवला
आणि कुंपणाकडं बघत राहिली.
"हे कोनं लावलं जी?"

फुलाकडं तिनं पाहिलंच नाही.
पान धरलं. टोक बारीक होत होत
दोऱ्यासारखं, आत वळलेलं.
"बोट द्या." दिलं.
"पाहा, धरते. फूल कोनालेई फसवते,
पान नाही फसवत."
मग विळ्यानं माती सारली :
रताळं नव्हे,
दोन फाट्यांचा नांगर, बोटाएवढा,
एक फाटा कुरतडलेला.
डोमाजी मटकन खाली बसला.

नाव तिनं उशिरा घेतलं, आवाज उतरवून.
कळलावी.
मी म्हटलं, म्हणजे भांडणं लावते ती?
हसली नाही.
"अडलेल्या बाईले कळ लावते.
लावत होतो आमी. तुमची गाडी नव्हती तवा."
मग त्या सगळ्या सुटल्या का,
हे लिहायला माझ्या रजिस्टरात रकाना नाही.
विचारलं नाही.

उपटली. हाताला पिशव्या बांधून, मुळापासून.
दिवाळीपर्यंत भूपेशच्या डोक्यावर लव आली,
डीपी बदलायचा माझा अजून राहिलाच आहे.
एवढंच, की
खणताना मी कंद मोजले होते, पाच.
खड्ड्यात गोवऱ्या पेटवल्या तेव्हा चार.
रायाबाईच्या पदराला नेहमीच गाठ असते,
सुपारीची.
मी सुपारीच समजले.