साका

तार्तूला नोव्हेंबरात आठलासुद्धा उजाडत नाही.
त्या काळोखात बर्फ तुडवत चौदा नंबर येतो.
कोटाच्या आत, अंगाच्या उबेला, सकाळची पहिली लघवी,
आम्ही दिलेल्या डब्यात नाही,
काकडीच्या लोणच्याच्या बरणीत.
‘हे चालत नाही,’ मी म्हणते.
‘तीनदा धुतलीय, हेल्वे.’
मी घेते. शेऱ्याच्या रकान्यात लिहिते: शेपूचा वास.

पेशींनी बाहेर टाकलेले हे बुडबुडे
केसाच्या जाडीत हजार बसतील, खांद्याला खांदा लावून.
प्रत्येकात एक घडी घातलेली चिठ्ठी,
आत काय शिजतंय त्याची.
पण चिठ्ठी वाचायची नंतर.
आधी बुडबुडा वेगळा काढायचा, आणि भांडण तिथेच आहे.

सेंट्रिफ्यूज: लाखपट वजन, दोन तास.
समोरासमोरच्या नळ्या काट्यावर तोलून,
नाहीतर यंत्र खोली डोक्यावर घेतं.
तळाला बसलेला साका दिसत नाही.
तो कुठे असेल तिथे पेनाने आधीच खूण करायची
आणि विश्वास ठेवायचा.
शिवाय लघवीतल्या प्रथिनाचे धागे,
निम्मे बुडबुडे जाळ्यात धरून बसलेले.

तार्मोला पॉलिमर आवडतं.
ओतायचं, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं, घरी जायचं.
सकाळी आकडे भरघोस.
सुक्याबरोबर ओलंही गोळा झालेलं असतं, पण आकडे भरघोस.

मी कॉलमपाशी उभी राहते. थेंब. थेंब.
मोठे आधी निसटतात,
बारके मण्यांच्या भोकाभोकांत रेंगाळत मागून.
सातव्या नळीपासून दहावीपर्यंत, तेवढंच आपलं.
थोडं. पण निवळ.

फेब्रुवारीत चौदा नंबर आला नाही.
मार्चात एमायोगीवरचा बर्फ कडकड फुटला,
तेव्हाही नाही.
उणे ऐंशीत त्याची एकच नळी, पाच मिली,
आणि कोष्टकात तीन चौकोन कोरे.
‘तिघांत वाटू,’ तार्मो म्हणाला.
वाटून कुणालाच पुरलं नसतं.

मुठीत धरून वितळवली.
नियम पाण्यात ठेवा म्हणतो.

दुपारी पडद्यावर ठिपके उजळले,
थरथरणारे, जागच्या जागी अस्वस्थ.
पाणी ढकलतं म्हणून हलतात. मला माहीत आहे.
तार्मोने मोजले. मी मोजले नाहीत.

कॉलमखाली आकडा लिहिला.
उरलेल्या दोन चौकोनांत: नमुना संपला.
शेऱ्याचा रकाना उघडा ठेवून
बराच वेळ बसले होते,
वास आठवत.