पाठकोरं

तारीख चुकली नव्हती, लग्नच मोडलं.
तीनशे पत्रिका दुकानात राहिल्या,
पुढून गुलाबी, गणपती, चि. सौ. कां., सगळं जागच्या जागी,
मागून कोऱ्या.
रद्दीवाला किलोला अकरा म्हणाला.
राहू दे म्हटलं.

उदगीरला आमच्या गल्लीत मंगळवारी संध्याकाळी लाईट जाते.
कटिंग मशीन गप्प, प्रिंटर गप्प,
वैजनाथच्या हाताला फ्लेक्सचा वास.
तेव्हा आम्ही खेळतो.
दुसरं कुणीतरी व्हायचं आणि त्याच्या तोंडानं बोलायचं,
एवढाच खेळ, पण नियम लागतात.

अटी मुनीरभाईंच्या.
अख्खा खेळ एका पत्रिकेच्या पाठीवर, चार बाय सात इंच.
अक्षर नऊ पॉइंटच्या खाली जायचं नाही,
"चष्मा लागलाय मला, अक्का."
फासे नक्को. पाच चिंचोके, फरशीवर घासून अर्धे केलेले,
एक बाजू काळी, एक पांढरी.
आणि कुणी मरायचं नाही.
ही शेवटची वैजनाथची. कारण त्यानं सांगितलं नाही.

पहिल्या मसुद्यात माझ्याकडं राज्य होतं.
सात दरवाजे, भुयार, एक आंधळा तोफची.
भुयारानंच दीड इंच खाल्लं.
खोडलं. मग दरवाजे गेले एकेक करून.
तोफची फार आवडायचा, त्याला तीन दिवस
कोपऱ्यात उभा ठेवला.
मग तोही.

उरली एक जीप.
काळी-पिवळी, उदगीर ते देगलूर,
आणि माणसं एकानं जास्त.

प्रत्येकानं सांगायचं, आजच का जायचंय.
चिंचोके टाकायचे:
पांढरे पडले तितकी वाक्यं बोलायची,
काळे पडले तितक्या गोष्टी पोटात ठेवायच्या.
चार पांढरे आले की ड्रायव्हर हॉर्न देतो.
तिसऱ्या हॉर्नला कुणीतरी उतरायचं.
कोण, ते लिहिलं नाही.
जागाच नव्हती. आधी वाईट वाटलं,
मग पाहिलं, नियम जिथं संपतो तिथंच
माणसं एकमेकांकडं बघायला लागतात.

बिल द्यायला शिवकांता स्वतः आली,
मंगळवारी, अंधारात.
मी घाईनं पत्रिका पालथी घालायला गेले
तर ती पालथीच होती.
तिनं मोबाईलच्या उजेडात पाठ वाचली. दोनदा.
"मला बी घ्या की."

तीन पांढरे.
देगलूरला मावशी. मावशीकडं शिलाई मशीन.
मशीनचं चाक अडकायलंय.
एवढं सांगितलं. दोन काळे तिनं मुठीत धरले.
मुनीरभाईंनी तोंडानं हॉर्न दिला, तिसरा.
वैजनाथ उतरणार होता, तोच उतरतो नेहमी,
पण तिनं हवेत कडी सरकवली,
दार ढकललं, पदर सावरून पाय खाली टाकला.
स्टुलावर बसूनच.
मग मला म्हणाली,
"उतरलेल्यानं पुढं काय करायचं? इथं तर लिहिलं नाही."

नव्हतंच लिहिलं.
मला वाटलं होतं, खेळ जीपमध्ये असतो.

रात्री फाईल उघडली. एक ओळ रिकामी नाही.
समास कमी करून पाहिला,
मुनीरभाईंना मिलिमीटर कळतो.
"आजच का" मधला "च" काढला, लगेच परत घातला.
खाली माझं नाव होतं, आडनावासकट, वर "रचना" असा शब्द.
ते काढलं.
त्या जागेत हे बसलं:
उतरलेल्यानं सांगावं, जीप गेल्यावर रस्ता कसा दिसतो.
आणि हे बसेना:
बाकीच्यांनी ऐकावं.
साडेआठ पॉइंट केला.

सकाळी मुनीरभाईंनी पत्रिका लांब धरली, जवळ आणली,
चष्मा पुसला, पुन्हा लांब.
काही बोलले नाहीत. मशीन लावली.

बिलाचे सोळाशे पन्नास तिनं मोजून दिले होते,
सुट्टे नको म्हणाली.
एक पत्रिका मात्र घेऊन गेली, घडी घालून.
कुठली बाजू आत, कुठली बाहेर,
अंधारात दिसलं नाही.