किती देते?

पुष्पराज चौकात, सिग्नलला,
स्प्लेंडरवरचा पोरगा खिडकीत वाकतो,
“काका, किती देते?”
मी तोंडाला येईल तो आकडा सांगतो.
कधी नऊ. कधी चौदा, उताराला.

छप्पन सालची डुक्कर फियाट.
पुढचे दरवाजे उलटे उघडणारी,
गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला,
आणि कागदांवर जिल्हा अजून दक्षिण सातारा.
माझ्याहून तीन वर्षांनी थोरली;
लोक तिलाच विचारतात, अजून चालते का.

मी मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोत्यांची वजनं लिहिली.
रिटायर झालो तेव्हा पेढीनं घड्याळ दिलं
आणि मी, शैलजाला न विचारता, ही आणली.
डॉक्टर आवटींची गाडी, कोंबड्यांच्या खुराड्यातून,
चाकं नसलेली, ट्रॉलीवर घालून.
शैलजा दारातच म्हणाली, “हिला आता ओवाळायचं का?”
मी हो म्हणालो.
चुकलं.

बुश मिळेना. इचलकरंजीच्या एका लेथवाल्यानं
मागच्या जन्माची उधारी फेडावी तसं कातून दिलं.
काचेचं रबर गडहिंग्लजहून,
हॉर्न एका बँडवाल्याकडून,
अन् डायनॅमो... त्याची गोष्ट सांगत बसलो
तर सिग्नल तीनदा सुटेल.

इंजिन बांधलं मिरजेच्या दिलावर शिकलगारनं.
घरात सगळे तंबोरे करतात, हा एकटाच ग्रीसमध्ये निघाला.
लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनवर, मूठ कानाला,
डोळे मिटून उभा राहायचा.
कार्बोरेटरचा स्क्रू केसभर पुढं, केसभर मागं.
“थांबा. जव्हारी लागली नाही अजून.”
मी थांबायचो. मला काहीच ऐकू यायचं नाही,
आणि मग एका संध्याकाळी आलं.

दोन वर्षांनी पूर.
पाणी गल्लीत शिरलं रात्री दोनला.
टीव्ही खाली राहिला, गव्हाचं पोतं खाली राहिलं,
मी कार्बोरेटर काढून माळ्यावर नेत होतो
शैलजाच्या इरकल साडीत बांधून.
तिनं पाहिलं. काही बोलली नाही.
मग डायनॅमो तिनंच उचलला,
“हे पण ना?” एवढंच विचारून.

आठ दिवस गाडी पाण्यात.
पाणी उतरताना टपावर कासव होतं, असं शेजारचा नितवे सांगतो.
नितव्याचं सगळंच मी निम्मं धरतो.
गाळ उपसताना मागच्या सीटखाली सापडलं
पाच पैशांचं नाणं, आणि काचेची एक सिरिंज,
न फुटलेली.

सिरिंज पाठवू का म्हणून फोन केला
तर डॉक्टरांची मुलगी विट्याहून स्वतःच आली.
पंचाहत्तरीची, गुडघ्याला पट्टा.
मी पुढचं दार उघडून धरलं.
त्या मागं जाऊन बसल्या. डावीकडे.
“पुढं व्हिजिटची बॅग असायची,” म्हणाल्या.
मग पुढं शैलजा बसली, बॅगेच्या जागी, जरा अवघडून.

हरिपूरच्या रस्त्यानं नेलं, चिंचांच्या सावलीतून.
संगमापाशी बंद पडली. पडणारच.
समोर वारणा कृष्णेत शिरत होती, गढूळ, घाई नसलेली.
बाईंनी सीटच्या फटीत हात घातला, मनगटापर्यंत,
न बघता, काही ठेवलेलं असावं तसा,
आणि तिथंच राहू दिला.
मी बॉनेट उघडून
उगाच वायरी हलवत राहिलो.

देवळातून परतणारी चार माणसं धक्क्याला आली.
शैलजाही उतरली, पदर खोचून.
टपाला हात लावता लावता एकानं विचारलंच,
“किती देते ओ?”
शैलजा म्हणाली, धापा टाकत,
“अजून कुठं काय दिलंय. ढकला.”