दीडशहाणी

युनिव्हर्सिटीतून पोरगा आला, कॅलम त्याचं नाव,
बूट दारातच काढले, एका मोज्याला भोक.
म्हणाला, मिसेस काउई, सत्तेचाळीसच्या जूनमध्ये
बकीच्या शाळेत तुम्ही एक पेपर सोडवला होता.
तळघरातल्या खोक्यात सापडलाय.
तोच पुन्हा सोडवाल? पंचेचाळीस मिनिटं.

मी आधी चहा ठेवला.

आकडा त्यानं सांगायचा नव्हता, पण सांगितला,
पथ्याच्या माणसाला चोरून बिस्किट द्यावं तसा:
दीडशे.
म्हणजे अकराव्या वर्षी साडेसोळाचं डोकं.
मला हसूच आलं.
आमच्या गल्लीनं एकही कागद न तपासता
हा हिशेब केव्हाच मांडला होता:
दीडशहाणी.

कसं असतं ते, त्यानं विचारलं.
कसं सांगू?
समोरच्याचं वाक्य अजून बंदराबाहेर असतं
आणि मी धक्क्यावर दोर घेऊन उभी.
नवरा म्हणायचा, अगं, मला पोचू तरी दे.
मग मी उशीर करायला शिकले.
ओठाशी आलेलं उत्तर
पेपरमिंटसारखं गालात धरायचं, विरघळेपर्यंत.
रात्री कुणासाठी थांबावं लागत नसे,
तर छताच्या फळ्या, फळ्यांचे खिळे,
खिळ्यांना सातानं भागून उरलेले तीन.
नळ गळत असतो ना रात्रभर, तसं;
आणि उठून बंद करावा तर चावीच नाही.

पंधराव्या वर्षापासून हेरिंगची आतडी काढली.
मिनिटाला चाळीस, बोटांना चिंध्या बांधून;
मीठ चिंध्यांतूनही आत शिरायचं.
शेजारी जीन. स्वतःचं नाव लिहिताना तिला घाम फुटे.
मिनिटाला पंचावन्न.
तिच्या मनगटाला काय ठाऊक होतं
ते कुठल्याच पेपरात विचारलं नव्हतं.

कॅलमला सांगितलं नाही ते वेगळंच.
त्या दिवशी बाकावर माझ्या डावीकडे ऑड्री स्लेटर,
पेन्सिल चावून चावून जिभेवर पिवळा रंग.
रडत होती, आवाज न करता.
तिच्या घरी खुंटीवर बापाचा पट्टा असे.
मी कोपर सरकवलं.
एवढंच. दोन बोटं.

हेडमास्तरांनी मार्क पाहून दोघींची नावं धाडली.
ऑक्टोबरात वडिलांची बोट परतली नाही,
माझ्या पाठची चार भावंडं होती.
ऑड्री ॲबरडीनला गेली. डॉक्टर झाली.
चाळीस वर्षं या किनाऱ्याची पोरं तिच्या हातांत आली,
माझीही दोन. दुसरा पायाळू;
रात्रभर झुंजली त्याच्यासाठी, पहाटे मलाच म्हणाली,
नेटा, घाबरू नकोस, मला येतं हे.

मग तो आकडा कुणाचा?
थोरल्या बहिणीचा कोट घालावा तसा तिनं घातला
आणि हळूहळू त्या मापाची झाली?
की मुळातच त्या मापाची होती,
नुसती भ्यालेली?
माझ्याच्यानं सुटत नाही हे. दीडशे असून.

पेपर सोडवला मी. वेळ उरला.
सव्विसावा तेव्हा चुकला होता, दोघींचा, अगदी सारखा.
आजही तसाच चुकवला,
सोबत म्हणून.

गुरुवारी टेकडीवरच्या होममध्ये जाते.
ऑड्री मला नर्स समजते, कधी आई.
आम्ही डॉमिनो खेळतो. ठिपके मोजणं गेलंय तिचं,
पण मान लांबवून माझ्या सोंगट्या बघणं
अजून गेलेलं नाही.
मी खिडकीबाहेर बघते,
कुठली बोट आत येतेय, कुठली नाही,
आणि कोपर सरकवते.