मापाची वही

सिंदेवाहीत दुकान स्वस्त मिळालं,
कारण रात्री मशीन आपोआप चालते.
"काई करत नाई तो," शेजारची पुस्तकला म्हणाली,
"डोमाजी टेलर हाये. जिता होता तवाबी रातभर बसे."

पाटीवर मी नवऱ्याचं आडनाव घातलं नाही.
कुलूप बदललं. पायडल वाजतच राहिलं.

तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं:
वही रोज एकाच पानावर उघडी.
छाती चोवीस. वाढत्या अंगाचं.
बेबीनंदा. पैसे जमा.

फळीमागे फ्रॉक होता, काजं राहिलेली.
केली, नेऊन दिला.
बेबीनंदाबाईंनी तो नातीला लावून पाहिला.
"दिवाळीले देतो म्हने.
कोन्ती दिवाळी, ते नाई सांगलं."

मशीन अजून चालते.
फक्त सकाळी सुईत दोरा ओवलेला असतो.
माझ्या चष्म्याचा नंबर
त्याला कोणी सांगितला?