येरमटोल्याची यादी

रबाळ्याच्या एमआयडीसीत, इद्रीसभाईंच्या शेडमध्ये
शाळेची एक जुनी मिनीबस
चार महिने घर व्हायला शिकत होती.
एकवीस सीटांपैकी एकोणीस निघाल्या.
ओटा आला, पाण्याची टाकी आली, घडीचा पलंग आला,
आरशाला मात्र जागा उरली नाही,
तेव्हा ठरलं, एकमेकांना विचारायचं:
केस ठीक आहेत ना?

खिडकीच्या चौकटीवर कुणीतरी कर्कटकाच्या टोकाने
सातचा पाढा कोरलाय,
सात सक बेचाळीसपर्यंत.
पुढे शाळा आली असणार.
पुट्टी मारून टाकतो, इद्रीसभाई म्हणाले.
राहू दे, म्हटलं.

मी सिडकोत एकतीस वर्षं नकाशे केले.
सेक्टर, प्लॉट, रस्त्याची रुंदी.
चिखलावर ओढलेल्या माझ्या रेघांवर
आता लोक पंखा लावून मेथी निवडत बसतात.
जिथे कुणी रेघच ओढली नाही
तिथे दार कुठल्या दिशेला करतात,
एवढंच बघायचंय मला.
उपेंद्रला अंधार हवाय.
पामबीच रोडवर मिळतो तसला नाही,
हात पुढे केला तर हात दिसू नये असा.

म्हणून येरमटोला.
गडचिरोलीच्याही बऱ्याच पुढे,
माझं बोट तिथे थांबलं
कारण कागद संपला.

नंबर मिळवायला अकरा दिवस गेले.
गिरजाबाई मडावी, किराणा व जनरल.
रेंजसाठी त्या दुकान सोडून
मोहाच्या झाडाखाली येतात,
आणि मागे गिऱ्हाईक ओरडत असतं.

किती दिवस ऱ्हासान जी?
वीस.
काहून? इथं पाहाले काहीच नाही.
मी वही उघडून यादी वाचू लागले.
पाणी? बोरचं हाय, सकाळी भरून ठेवा.
वीज? असते. नसते.
डिझेल? घेऊनच या.
गाडी कुठे लावू?
शाळेच्या मागं लावा, पण पोरं चढतीन.
चढू देत, तिला सवय आहे.

मग त्या गप्प.
मला वाटलं, रेंज गेली.
येतानी एक करसान का जी?
समुद्राचं पाणी आणा. बाटलीभर.
खारं असते म्हणतेत.

आमच्याकडे खाडी आहे, मी म्हटलं.
खाडी म्हंजे?
एकतीस वर्षं जिच्या काठाची रेघ खोडली आणि ओढली
ती मला फोनवर सांगता येईना.
समुद्रच, पण जरा आत आलेला, असं काहीतरी बोलले.
तेच आणा, त्या म्हणाल्या, आणि गिऱ्हाइकाकडे गेल्या.

जायच्या आठ दिवस आधी
सोसायटीच्या आवारात एक रात्र झोपून पाहिलं.
सेक्रेटरी भोईर म्हणाले, नियम बारा,
पार्किंग गाडीसाठी आहे, नांदण्यासाठी नाही.
एक रात्र, व्हिजिटरच्या जागेत, ठीक आहे.
वॉचमन नवा होता. रजिस्टर पुढे केलं.
कुठून आलात? ए विंग, सातशे चार.
कुणाकडे? उपेंद्रने वर पाहिलं.
आमच्या स्वयंपाकघराचा दिवा राहिला होता चालू.
आपलं घर रस्त्यावरून इतकं लहान दिसतं
हे बावीस वर्षांत कधी पाहिलं नव्हतं.
दिवा बंद करायला तो गेला
आणि दोन उशा घेऊन आला.
रात्रभर टाकी ठिबकत होती.
यादीत लिहिलं: वॉशर.

सकाळी नेरूळच्या जेट्टीवर जाऊन
बिस्लेरीची बाटली भरली.
माशांचं जाळं दुरुस्त करणारा आगरी म्हातारा
बघत राहिला, विचारलं काही नाही.
गाळ तळाला बसायला दोन दिवस लागले.
वरचं नितळ बोटाने चाखून पाहिलं.
खारट आहे. पण नाव घेण्याइतकं नाही.
चिमूटभर मीठ टाकावं, असं उपेंद्रचं मत.
मी वही उघडून बसले आहे,
सगळ्यावर टिक आहे,
एवढी एक ओळ सोडून.